तांबड्याच्या गळ्यातलं मेडल

बाबा, तुमच्या तांबड्या बैलाचं नाव मी पोलीस ठाण्यात लिहून आली. हसू नका, गुन्हेगार म्हणून नाही लिहिलं. ठाण्यात कॉम्प्युटरवर बसलेली शिपाई पोरगी माझ्या लेकीच्या वयाची होती. तिनं विचारलं, "काय हरवलं काकू?" मी म्हटलं, "मेडल. फौजेचं. माह्या बाबाचं." "कोठी हरवलं?" "गावच्या तलावात." "हरवलं तवा कोनापाशी होतं?" इथं मी जरा घसा खाकरला आणि म्हटलं, "बैलापाशी." तिची बोटं थांबली. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं, की ही बाई बरी आहे ना. मग विचारलं, "कवाची गोष्ट आहे?" मी म्हटलं, "तू पैदा व्हायच्या लय आधीची. तुही आईबी परकरात असन तवा." बिचारी उठून साहेबांना विचारायला गेली. साहेब बाहेर आले, त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बैल कोठी आहे आता?" मी म्हटलं, "देवाघरी." ते म्हणाले, "मंग त्याचा जबाब राहिला. लिवून दे बाईले, जे सांगते ते लिव." अशी तुमच्या मेडलच्या हरवण्याची नोंद सरकारदरबारी झाली. नोंदीचं काम मी हाती घेतलं म्हणजे काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. लाखनीला हायवेवर माझं कृषी केंद्र आहे, बियाणं-औषधाचं. दुकानासमोर ट्रक आडवा लावणाऱ्या ड्रायव्हरलाही मी चार शब्दांत हलवते. तुम्हीच म्हणायचे, या पोरीले तोंड देताना देवानं हात आखडला नाही.

तुम्ही गेले त्याला आता वीसेक वर्षं झाली. आई गावातच आहे, माझ्याकडे राहायला येत नाही. डोळ्यांचं ऑपरेशन झालं, कंबर वाकली, पण अंगण अजून स्वतः सारवते. ऐशीच्या घरात आहे, आणि तिच्याचसाठी मी हे सगळं सुरू केलं. झालं असं, की गेल्या वर्षी शाळेच्या फाटकाजवळ एक काळा दगड बसवला, गावातून फौजेत गेलेल्या सगळ्यांची नावं त्यावर. नावाखाली ज्याला जे मेडल मिळालं ते. आई मला हात धरून तिथं घेऊन गेली आणि म्हणाली, "वाच." मी वाचलं, तुमचं नाव, गाव, पलटण. ती म्हणाली, "पुढं?" मी म्हटलं, "पुढं नाही काही." ती म्हणाली, "मेडल?" सरपंच म्हणजे शेजारचीच सून, तिचा काही दोष नाही. ती म्हणाली, "काकू, पुस्तकात जे आहे तेवढंच लिवलं आमी. बाबाजीच्या पुस्तकात मेडल नाही." आई माझा हात धरून मागे वळली. घरी येऊन तिनं तुमचं फौजेचं पुस्तक, नोकरीची सगळी नोंद असलेलं, पेटीतून काढलं, माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "मी जाच्या आंधी याच्यात ते लिवून आन. मले दुसरं काही नोको."

ते मेडल आलं तो दिवस मला आठवतो. धानाची रोवणी चालू आहे. तुम्ही बांधीच्या कडेला धुऱ्यावर बसून बायांना पऱ्ह्यांच्या, रोपांच्या पेंड्या फेकून देता, कारण चिखलात तुमचा पाय चालत नाही. लढाईतून तुम्ही तो पाय आखडूनच आणला होता. पोस्टमन चपला हातात घेऊन धुऱ्या-धुऱ्यानं येतो आहे. आई गुडघाभर चिखलात, तशीच उभी राहून पाहते. तुम्ही पाकीट फोडत नाही, बंडीच्या खिशात ठेवता, आणि पेंड्या फेकत राहता. मला इतका राग आला होता! संध्याकाळी घरी आल्यावर आईनं हात धुऊन, पदराला पुसून ते उघडलं आणि चुलीजवळच्या फळीवर तिखटाच्या डब्याला टेकवून उभं केलं. पांढरी फीत, मधोमध लाल पट्टा, आणि खाली ते गोल, जड, चकचकीत. मी जेवताना त्याच्याकडेच पाहत होती. मी विचारलं, "बाबा, हे कायचं?" तुम्ही म्हणाले, "गोळी खाल्ल्याचं बक्षीस. तू भात खा." सोबतचं पत्र इंग्रजीत होतं. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी वाचून सांगितलं, पुस्तक रेकॉर्ड ऑफिसला पाठवा, ते नोंद करून परत पाठवतील. तुम्ही म्हणाले, "पोळा होऊ द्या, मंग पाठवतो." आता रोवणीच्या गर्दीत पोस्टात जायला कोणाला वेळ असतो, मीही मान्य करते. पण पोळ्याची वाट पाहायची तर मेडल फळीवर ठेवून पाहायची होती ना बाबा!

त्या वर्षी तुमच्यानं नांगर धरवला नव्हता. तुम्ही दोनदा धरून पाहिला आणि दोनदा बांधीच्या चिखलात बसले. मग एक दिवस पहाटे आईनं नांगर धरला. बाईनं नांगर धरू नये म्हणतात, गावानं तोंडात बोटं घातली, पाटलाची म्हातारी आपल्या दारातून ओरडली की औंदा पाणी नाही पडत पाहा. पाणी पडलं, चांगलं पडलं. तांबडा म्हातारा होता पण शहाणा होता. आईचा हात हलका, तर तो आपणच तासाला लागून चालायचा, वळणावर आपणच वळायचा, जोडीच्या ढवळ्याला खांद्यानं दाबून सोबत न्यायचा. मी धुऱ्यावर बसून पाहायची आणि तुम्हीही पाहायचे. तुमचा चेहरा तेव्हा कसा असायचा ते मला आता कळतं, तेव्हा वाटायचं उन्हामुळे आहे.

म्हणून पोळ्याच्या आदल्या दिवशी, बैलांच्या खांद्याला तूप-हळद लावून झाली, आईनं "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" म्हटलं, आणि तुम्ही घरातून ते मेडल घेऊन आले. आई म्हणाली, "हे कायले आनलं?" तुम्ही म्हणाले, "हे माहं नाही. औंदा लढाई तू अन् तांबड्यानं लढली. तुह्या गळ्यात घातलं त लोक हसतीन, त्याच्या गळ्यात घालू." आई लाजली होती, बाबा. मी तिला लाजताना तेव्हाच पाहिलं, ना आधी ना नंतर. दुसऱ्या दिवशी तांबडा असा सजला की विचारू नका. शिंगांना बेगड, पाठीवर झूल, कपाळाला मठाटी, गळ्यात घुंगरांची माळ आणि माळेच्या मधोमध ते मेडल. आखराच्या मोकळ्या मैदानावर तोरणाखाली उभा राहिला तेव्हा मी सगळ्यांना सांगत सुटली, पाहा पाहा. पण बैलांच्या अंगावर एवढं चमकणारं, त्यात मेडल कोणतं आणि बेगड कोणतं, कोण पाहतो?

पोळा फुटला आणि बैल ओवाळणीला घरोघरी निघाले. तलावाच्या बांधावरून, पारीवरून येताना तांबड्याला तहान लागली. तुमच्या हातातून दोर सुटला नाही, तुम्ही सोडला. पिऊ दे बिचाऱ्याले म्हणाले. तो गळ्याइतक्या पाण्यात गेला, मनसोक्त प्यायला, मान झटकली आणि बाहेर आला. घुंगरं होती, मेडल नव्हतं. मासे धरणाऱ्या ढिवरांनी बुड्या मारल्या, शिंगाड्याच्या वेलींत हात घालून चिखल उपसला, पोतंभर शिंगाडे निघाले पण ते काही निघालं नाही. तुम्ही पारीवर बसून होते. मला वाटलं तुम्ही रडता की काय, पण दुसऱ्या दिवशी पोरांच्या तान्ह्या पोळ्याला तुम्ही सोड्याच्या बाटलीचं झाकण दगडानं ठोकून सपाट केलं, माझ्या लाकडी बैलाच्या गळ्यात बांधलं आणि म्हणाले, "जा, तुहा बैलबी फौजी झाला." ते झाकण माझ्या दुकानाच्या देवघरात आहे. लक्ष्मीच्या फोटोजवळ सोड्याचं झाकण कायले, असं गिऱ्हाईक विचारतं, मी सांगत नाही.

आणि मग तुम्ही पुस्तक पाठवलंच नाही. गुरुजींनी आठवण केली, आईनं केली, तुमचं एकच म्हणणं, "वस्तू नाही त नोंद कायची करू? दाखवा म्हटलं त काय बैल दाखवू?" सरकारनं दिलेली वस्तू आपण सांभाळली नाही, तर तिच्यावर आपलं नाव सांगायचं नाही, असा तुमचा हिशेब. फौजेत बंदूक हरवली तर शिक्षा होते, तसं तुम्ही आपल्याआपल्याला शिक्षा करून घेतली. बरं, घेतली ती घेतली, पण आमच्या वाट्याला काका आला. तुमचा चुलतभाऊ, त्या पोळ्याला सासुरवाडीला गेलेला, त्यानं काही पाहिलं नव्हतं. पोळ्यात बैल तोरणाखाली उभे राहिले की झडत्या म्हणायच्या, ज्याला जो चिमटा काढायचा तो काढायचा आणि कोणी रागवायचं नाही, अशी आपल्याकडची रीत. काकाचा आवाज खणखणीत. दरवर्षी तो तुमच्याकडे पाहून म्हणायचा,

"बैल सजला, घुंगरू गळ्यात,
फौजी म्हणे मेडल गेलं तळ्यात!
हर बोला हर हर महादेव!"

आणि सारं आखर हसायचं. पहिली दोनतीन वर्षं ती मस्करी होती. मग नवी पोरं मोठी झाली, त्यांना वाटलं मेडल नव्हतंच. शाळेत एक पोरगी म्हणाली, तुहा बाबा बाता मारते. मी तिला धरून आपटली. घरी आली तर तुम्हाला कळलं होतं. तुम्ही मला उभं केलं, जोरात नाही, हळूच म्हणाले, "खरं असन त भांडाची गरज काय? अन् खोटं असन त भांडून फायदा काय?" मी म्हटलं, "मंग काका म्हणते तवा तुमी गप्प काहून राहता?" तुम्ही म्हणाले, "त्याचं काय चुकलं? माही गाठ सुटली, गेलं तळ्यात. खरंच त म्हणते." हे मला चांगलं लक्षात आहे, कारण तुम्ही ते दरवर्षी म्हणायचे. काकाची झडती झाली की हसून, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं: "माही गाठ कच्ची होती बापा!"

तर मी तुमचं पुस्तक घेऊन भंडाऱ्याला सैनिकांच्या ऑफिसात गेली. तिथं एक निवृत्त सुभेदार बसतात, मोठ्या मिशांचे. मी सगळं सांगितलं, बैलासकट. ते हसले नाहीत. म्हणाले, "तुमच्या बाबाले कोनं सांगतलं की मेडल हरवलं म्हंजे हक्क हरवला? जखम त हरवली नाही ना?" मी म्हटलं, "सायेब, हे तुमी आंधी कोठी होते?" त्यांनी अर्ज लिहून दिला आणि रेकॉर्ड ऑफिसचं उत्तरही आलं. मेडल पाठवल्याचं त्यांच्याकडे लिहिलेलं होतं, बाबा, इतकी वर्षं, व्यवस्थित! फक्त पुस्तक आलं नाही म्हणून नोंद थांबली होती. पुस्तक पाठवा, आणि नवं मेडल हवं असेल तर पोलिसांचा दाखला आणि घरच्यांचं शपथपत्र जोडा. ते पत्र मी दुकानात उभ्यानं वाचलं आणि समोरच्या गिऱ्हाइकाला युरियाऐवजी तणनाशक दिलं. काय आनंद झाला होता मला, आणि तुमचा किती राग आला होता! एक पोस्टाचं तिकीट, बस, एवढंच काम होतं.

शपथपत्रासाठी आईला तहसीलला नेलं. टिनाच्या शेडखाली वकील बसतात, त्यांच्यातल्या एकानं मजकूर टाइप केला आणि मी आईला वाचून दाखवला. 'माझे पती यांनी सदर पदक बैलाच्या गळ्यात बांधले असता गाठ सुटून...' आई म्हणाली, "थांब. त्यायनं नाही बांधलं." मी म्हटलं, "आई, बाबाच त सांगत होते, माही गाठ." ती म्हणाली, "ते सांगत होते. बांधलं म्या. त्यायनं हातात देल्लं, म्हणाले तुह्या हातानं बांध, तुहं आहे. म्या बांधलं. भाऱ्याची गाठ मारावं तशी मारली असती त सुटली नसती. पन म्या फुलाची मारली, लाजत होती म्हणून घाईनं मारली." वकील टाइप थांबवून पाहत राहिला. मी म्हटलं, "त काय झालं आई, कोनी बांधली त्यानं काय फरक पडते?" ती म्हणाली, "तुले नाही पडत. मले पडते. शपथेवर खोटं नाही लिवत मी. खरं लिव. गाठ माही होती."

बाबा, मी तिथं टिनाखाली बसून रडली. हायवेवरची जबरी बाई म्हणतात मला, आणि मी वकिलासमोर नाक पुसत होती. एकदम सगळं जागेवर आलं. पोळ्याच्या दिवशी आई बैलांना कधीच सजवायची नाही, ओवाळायची पण माळ दुसऱ्याकडून बांधून घ्यायची. काकाची झडती सुरू झाली की ती आखरावर थांबायची नाही, चुलीपुढे जाऊन बसायची. पुरण सगळ्यांना वाढायची, स्वतः खायची नाही. मला वाटायचं उपास असेल. आणि तुम्ही आखरावर उभे राहून छाती ठोकून सांगत होते, माही गाठ कच्ची. तुम्हाला वाटलं तुम्ही तिला वाचवलं. पण तुमच्या त्या खोट्यानं तिचं तोंडच बंद झालं ना! ती कोणाला सांगणार, की माझी होती? सांगितलं असतं तर तुम्ही खोटे पडले असते. एकदा घरात तिला समोर बसवून म्हटलं असतं, अवं, गेलं त गेलं, तुह्याहून मोठं होतं का ते? तर ती केव्हाच पुरण खायला लागली असती. मी शपथपत्र नवं टाइप करून घेतलं. खरं लिहिलं. तिनं अंगठा नाही लावला, सही केली, तुम्ही शिकवलेली, वाकडीतिकडी.

पुस्तक परत आलं, त्यात नोंद, शिक्का, सगळं. मेडलही आलं, नवं कोरं. मी त्याच दिवशी दुकान बंद करून गावाला गेली. आईनं पुस्तक हातात घेतलं आणि विचारलं, "काय लिवलं?" मी वाचलं. ती म्हणाली, "हरवल्याचं लिवलं का?" मी म्हटलं, "नाही." "बैलाचं?" "नाही." "गाठीचं?" "नाही आई. त्याइले भेटलं, एवढंच लिवलं." ती बराच वेळ पुस्तक उलटंपालटं करत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे ते भेटलेलंच होतं. जवा भेटलं तवापासून भेटलेलंच होतं." मी म्हटलं, "हो ना वं." ती म्हणाली, "मंग मी कायले भिऊन राहिली होती?" याचं उत्तर तुमच्याकडे आहे, बाबा. सरपंचबाई पुस्तक पाहायला स्वतः घरी आली, दगडावर ओळ वाढली, आणि आईनं ती ओळ बोटानं चाचपून पाहिली. मला वाटलं झालं काम, जिंकलो आपण. मी मेडलला काचेची पेटी करायला निघाली, तर आई म्हणाली, "पेटी मंग करजो. पयले पोळा होऊ दे."

तुमचेच शब्द, बाबा.

गावात आता ट्रॅक्टर आहेत, बैलजोड्या मोजक्याच राहिल्या. आपल्या गल्लीत एकच, काकाची. काका आता काठीवर चालतो, पण जोडी विकत नाही. पोळ्याच्या दिवशी आई नव्या लुगड्यात, मेडल पदराखाली घेऊन त्याच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "तुहा उजवा बैल दे थोडा वेळ." काकानं मेडल पाहिलं. म्हणाला, "वहिनी, जोडीच तुही आहे." मी म्हटलं, आई, मी बांधते, माझ्याकडे नायलॉनची दोरी आहे, पोत्याची, तुटणार नाही. ती म्हणाली, "तू बस चूप." तिनं आपल्या हातानं सुती दोर ओवला. गाठ मारायला फार वेळ लागला. बैल शहाण्यासारखा उभा होता. मी म्हटलं, "पक्की आहे ना?" ती म्हणाली, "औंदा लाजत नाही मी."

आखरावर लोक जमले. झडत्या सुरू झाल्या आणि सगळे काकाकडे पाहू लागले, कारण त्याची झडती ठरलेली. काका काठी टेकून उभा राहिला. आवाज फाटला होता, तरी सगळ्यांना ऐकू गेला:

"बैल सजला, घुंगरू गळ्यात,
कोन म्हणते मेडल गेलं तळ्यात!
हर बोला हर हर महादेव!"

लोकांनी अशी आरोळी दिली की बैल बुजले. आणि त्या गडबडीत तुमची बायको, बाबा, कंबरेवर हात ठेवून पुढे आली आणि काकाला म्हणाली, "खोटं नोको बोलू देवाच्या दिवशी! गेलं होतं तळ्यात. माही गाठ सुटली म्हणून गेलं होतं. त्यायची नाही, माही!" मग काका म्हणाला, "वहिनी, मंग एवढी वर्स मी चुकीच्या मानसावर झडती म्हणत होतो का?" ती म्हणाली, "त काय! माह्यावर म्हणाची होती, म्या तुले बेलन फेकून मारलं असतं." काय हसले लोक! आईही हसली, तोंडावर पदर न घेता. त्या संध्याकाळी तिनं पुरणाची पोळी खाल्ली, वरून तूप मागून घेतलं, दुसरी घेतली आणि तिसरी अर्धी मला दिली. जेवताना तिनं विचारलं, "पोळा फुटला, घरोघरी फिरला, पारीवरून आला. गाठ टिकली ना माही?" मी म्हटलं, "टिकली आई. दगडासारखी." ती म्हणाली, "पायलं! तवाच नीट मारली असती त..." आणि घास तोंडात घातला.

हे पत्र आईला वाचून दाखवायचं माझ्या मनात होतं. तिला तुमच्याशी बोललेलं आवडतं, फोटोसमोर तीही बोलत असते. पण आता ते जमायचं नाही, आणि दुसरीकडे कुठे पाठवणार? दुकानाच्या गल्ल्याखाली ठेवून देते. कारण तहसीलच्या शेडखाली मी तुम्हाला मनातल्या मनात जे काही सुनावलं, ते सगळं मला परत घ्यावं लागतं आहे. पोळाभर मी त्या बैलाच्या बाजूनं चालत होती, लोकांना वाटलं माळ सांभाळते, पण माझा तळहात त्याच्या गळ्याखाली होता. पारीवर आलो, बैलानं पाण्याकडे पाहून मान झटकली, आणि मेडल माझ्या हातात पडलं. आई मागे काकाशी बोलत येत होती, तिला दिसलं नाही. मी घुंगरं नीट करते असं दाखवून ते पुन्हा बांधलं. यावेळची गाठ माझी होती, बाबा, आणि हे मी कोणाला सांगणार नाही.